जाबिर

वर्गातली मुलं ‘जबरदस्ती सर’ म्हणून चिडवायची. वैतागून जाबिर शिकलगारनं नाव बदलायचा अर्ज भरला. पण सही करण्याआधी नावाचा अर्थ तरी कळावा, म्हणून तो मिरजेतल्या म्हाताऱ्या मौलानांकडे गेला.

“अरबी नाव आहे. जाबिर म्हणजे मोडलेलं हाड सांधणारा,” मौलाना म्हणाले. “कुणी ठेवलं?”

“अब्बांनी.”

एवढ्या नावांतून अब्बांनी हेच का निवडलं, हे त्याला कळेना. घरी येऊन त्यानं अम्मीला विचारलं.

अम्मी गोधडी शिवत होती. “तुझ्याआधीचा मुलगा गेला आणि तुझ्या अब्बांनी बोलणंच सोडलं. तू झालास, तेव्हा त्यांनी तुला मांडीवर घेतलं आणि हाक मारली, ‘जाबिर’. वर्षभरातला तो त्यांचा पहिला शब्द.”