खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीच्या पूजेला ऑफिसातल्या लॅपटॉपना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नारळ फोडायचा मान दरवर्षीप्रमाणे सदाफुलेंचा.

"सर, दसऱ्यानंतर येऊ नका," मॅनेजर त्यांच्या कानाशी म्हणाली. "तुमचं काम आता एआय करेल. तुम्हीच तर शिकवलंत त्याला."

सदाफुलेंनी नारळ उचलला आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर हाणला. काच तडकली. नारळ फुटून हातातून निसटला, तरी ते मुठीने मारतच सुटले. स्क्रीनवरच्या कुंकवात रक्त मिसळलं.

दोघांनी त्यांना मागे ओढलं, तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला. एआयचा मेसेज होता: "स्क्रीन बंद पडलीय. काळजी करू नका, मी बघतो."

बावीस वर्षं, कुठेही काही बंद पडलं की सदाफुले हेच लिहायचे.