लाल चड्डीवाल्याची फेरी
सत्तरी गाठलेला वेल्डर जुनी हेवीवेट मुष्टियुद्धं टीव्हीचा आवाज बंद करून बघायचा. समालोचकाच्या बडबडीनं आपलं मत बिघडतं, असं बायको म्हणायची. प्रत्येक फेरीला दोघं आपापले गुण द्यायची आणि मग कडाकडा भांडायची. ती गेल्यापासून तो फक्त बघत बसायचा, गुण द्यायचा नाही. एकट्यानं भांडायचं कोणाशी? आज सून मटार सोलत शेजारी बसली. फेरी संपताच म्हणाली, “बाबा, ही लाल चड्डीवाल्याची.” “अगं, तो नुसता मिठ्या मारत होता!” “मग? समोरच्याला हात तरी उचलू दिला का?” “डोंबल कळतं तुला! ठोसे मोज, ठोसे!” आरडाओरडा ऐकून मुलगा दाढीच्या फेसासकट धावत आला. “बाबा, काय झालं?” आपला आवाज चढलाय, हे म्हाताऱ्याला तेव्हा कळलं. त्यानं तीच फेरी पुन्हा लावली. “बैस. बायकोची बाजू घेऊ नकोस.”