बर्फाचा नवस

"नांदुरी येईपर्यंत दार उघडायचं नाही हं, सुषमा. गारवा एकदा निसटला की गेला."

नवऱ्याचं हे बोलणं सुषमाने सुरतेतल्या डिंडोलीपासून जपलं होतं. घरचा जुना फ्रिज गोपालरावांनी भाड्याच्या मॅटाडोरमध्ये बांधला होता आणि वीज नाही म्हणून बर्फाच्या लाद्यांनी भरला होता. नणंदेच्या नव्या जावयाला सुरतेचा गोठवलेला आमरस खाऊ घालायचा होता ना! वैशाखातलं ऊन, त्यात घाटात गाडी तापून बंद पडली, तेव्हा सुषमा मनातल्या मनात सप्तशृंगीला नवस बोलली, "आई, बर्फ तेवढा वितळू देऊ नकोस, अनवाणी गड चढेन."

गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला नणंदेच्या घरी सगळ्यांसमोर फ्रिजचं दार उघडलं. लाद्या जशाच्या तशा होत्या.

"रस कुठंय?" गोपालरावांनी विचारलं.

"तुम्ही नाही ठेवलात?"

"मला वाटलं, तू ठेवलास."

रस डिंडोलीलाच होता, घरच्या नव्या फ्रिजमध्ये.

"राहू दे गं वहिनी," नणंद म्हणाली, "जावईबापूंना बर्फच वाढते."



देवीकडे मागितला होता तो बर्फच, म्हणून सुषमाने चपला काढल्या आणि गडाची वाट धरली.