हातातून न सुटणारी कादंबरी

शिळा पेपरसुद्धा कुणाला न देणारे सोसायटीचे सेक्रेटरी सोनवणे रविवारी सकाळी जाडजूड राजकीय कादंबरी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच पगारेंच्या मनात पाल चुकचुकली.

"मुख्यमंत्र्यांविरुद्धचा कट आहे. हातातून सुटणार नाही," सोनवणे म्हणाले.

खरंच सुटली नाही. पगारे जेवण विसरले, सोसायटीची मीटिंग विसरले. एकेका पात्रावर संशय घेत त्यांनी शेवटाच्या कितीतरी आधी सूत्रधार ओळखला. स्वतःवर खूश होते, तेवढ्यात बेल वाजली. हार घेऊन सोनवणे, मागे सगळे सभासद.

"मीटिंगला तुम्ही एकटेच गैरहजर होतात. नवे सेक्रेटरी तुम्हीच, बिनविरोध."

पगारेंनी कादंबरी पुढे केली.

"ठेवा तुमच्याकडेच," सोनवणे म्हणाले. "मलाही ती आधीच्या सेक्रेटरींनीच वाचायला दिली होती."