दाढीतलं पोळं

राक्षसाने झडप घालून उचललं, तेव्हा राजकन्या शर्वाणीने किंचाळायला तोंड उघडलं आणि ती खो खो हसत सुटली. काकांनी गादी बळकावून तिला रानात हाकललं होतं. तेव्हापासून ती पानांच्या सळसळीलाही घाबरायची. पण या अक्राळविक्राळ दाढीत चक्क मधमाश्यांचं पोळं लटकत होतं!

“हसतेस काय? काढायला गेलं की चावतात,” राक्षस कळवळून म्हणाला.

तिने ओल्या पाल्याची धुरी देऊन माश्या उडवल्या. कोपरापर्यंत मध ओघळेस्तोवर दोघांनी ताव मारला, आणि तिला खायचं राक्षस विसरूनच गेला. पुढे त्याने तिला कडे चढायला शिकवलं, तिने त्याला गाणी.

एका सकाळी काका तिला कायमचं संपवायला सैन्य घेऊन आले. राक्षसाच्या खांद्यावर उभी राहून, गळा फाडून गात, शर्वाणी कड्यावरून थेट त्यांच्यापुढे उतरली. सैनिकांच्या हातातले भाले गळून पडले. काका तर घोडा तिथेच सोडून पळाले.

म्हातारे सेनापती पुढे येऊन वाकले. “राणीसाहेब, राजवाड्यात चलावं.”

“येते की!” शर्वाणी वरूनच हसत ओरडली. “तेवढा दरवाजा उंच करून घ्या. आम्ही दोघं येतोय!”