हवालदार नाथाजींचा गुडघा

गुडघ्याच्या ऑपरेशनला सरकारी विम्यानं नकार दिला. कारण तपासणीत डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं, तेव्हा फौजेतून रिटायर झालेले हवालदार नाथाजी ताठ उभे राहून म्हणाले होते, "एकदम फिट, साहेब!"

त्यांच्या बायकोनं, शालूबाईनं अपील केलं. सुनावणीला सांगलीला जाताना तिनं बजावलं, "आवं, तितं तोंड उघडू नगा. मी बोलते."

अधिकारी बाईंनी विचारलं, "काका, गुडघा कसा आहे?"

नाथाजी टेबलाला धरून कसेबसे उठले आणि त्यांनी टाचा जुळवल्या. "एकदम फिट, मॅडम!"

शालूबाईनं कपाळाला हात लावला.

बाई हसल्या. "माझे वडील सुभेदार होते. आयसीयूतूनही हेच सांगायचे."

आणि त्यांनी निकाल लिहिला : "अर्जदार फौजी असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरू नये. ऑपरेशन मंजूर."