बांडीचं दूध

"मामा, तुमच्या कळपात पांढऱ्या ठिपक्यांची तांबडी शेळी आहे का?" पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर तांबोळीबाईंनी विचारलं.

खाटेवरचा बिरदेव एकदम छताकडे बघू लागला. उशाशी बसलेली त्याची बायको ठकूबाई मात्र वैतागली. बारा दिवस नवऱ्याच्या पायांत जीव नव्हता आणि या बाई शेळीची चौकशी करत होत्या!

"हाय की. बांडी म्हनतो आमी तिला."

"तिच्याच दुधातून जंतू आलाय. मज्जारज्जूपर्यंत तो क्वचितच पोचतो. परवा पाठीतून सोडलेल्या यंत्रांनी त्याला तिथं गाठलं, त्याला चिकटलेल्या अंशावरून शेळीचा रंगही हुडकला आणि आज पहाटेपर्यंत त्याचा फडशा पाडला."

धुळीच्या कणाहून बारीक ती यंत्रं ठकूबाईला काही दिसली नव्हती. पण यंत्रंच खोटं बोलत होती, एवढं तिला नक्की ठाऊक होतं.

"दूध मी सोता उकळून देते, डाक्तरीनबाई!"

"घरचं उकळलेलं असेल, मावशी. रानातलं?"

ठकूबाई सावकाश नवऱ्याकडे वळली.

"एखाद्या दिशी... धार काढली की तितंच," बिरदेव पुटपुटला.

"लेकीची शपथ घेतली हुती न्हवं तुमी!" म्हणत तिने त्याच्या पोटरीला कचकचून चिमटा काढला.

"आई गं!" बिरदेव कळवळला.

ठकूबाईचा हात जागच्या जागी थिजला.

"दुकलं?"

"लई!"

तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि दुसऱ्या पोटरीकडे हात नेला.

"आता ही बगू."